वेडनेसडेतलं वेड

"वेड-नेस-डे. म्हणायचं वेन्सडे, लिहायचं वेड-नेस-डे."

लोकमान्य नगरातल्या आमच्या पुढच्या खोलीत बावीस वर्षं मी हे घोकून घेते आहे. इंदूरच्या मराठी घरांतली पोरं घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात, आणि परीक्षा जवळ आली की माझ्याकडे येतात. मागच्या महिन्यात पाचवीतल्या एकानं विचारलंच, "काकू, बोलायचाच नाही तर हा 'डी' कशाला ठेवून राहिले?"

"असतं तसं," म्हणून मी त्याला गप्प केलं. रात्री मात्र स्वतःचीच लाज वाटली आणि व्युत्पत्तीचा जाडा कोश काढून बसले.

तो 'डी' वोडन नावाच्या देवाचा निघाला. व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले जुने दर्यावर्दी, त्यांचा ओडिन तो हाच. नावाच्या पोटात जुन्या इंग्रजीतला 'वोद' आहे, म्हणजे उन्माद, अंगात येणं, वेड! ब्रेमेनच्या अ‍ॅडम नावाच्या धर्मगुरूनं अकराव्या शतकातच लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की वोडन म्हणजे उन्माद. बावीस वर्षं मी पोरांना वेडाचा वार बरोब्बर शिकवत होते, मलाच पत्ता नव्हता. शब्दांचं नातं काही नाही, नुसता योगायोग, पण मी एकटीच हसत सुटले.

रोमन लोकांचा तो वार मर्क्युरीचा, म्हणजे आपल्या बुधाचाच. जर्मन टोळ्यांनी वार उचलले आणि त्यांत आपले देव बसवले. आपल्याकडे बुधावरून बुद्धी आठवते, त्यांच्याकडे वेड. अर्थात या ओडिननं शहाणपणाच्या विहिरीतला एक घोट मिळावा म्हणून स्वतःचा एक डोळा दिला होता, तेव्हा दोन्ही एकाच घरात नांदत असणार.

बाकीचे वार तर आणखी जवळचे निघाले. मंगळवारचा तिव आणि आपला 'देव' एकाच मुळाचे. शुक्रवारची फ्रिग म्हणजे 'प्रिया'. 'फ्रेंड' आणि 'फ्री' तिच्याच गोतावळ्यातले. गुरुवारचा थॉर म्हणजे गडगडाट; संस्कृतात मेघाला 'स्तनयित्नु' म्हणतात, त्यातला आवाज तोच.

हातोडीवाल्या थॉरचे चाहते माझ्या क्लासमध्ये पुष्कळ. त्यांना वाटतं ही नावं व्हायकिंगांनी इंग्लंडला दिली. तसं नाही. व्हायकिंगांनी इंग्लंडातला लिंडिसफार्नचा मठ लुटला ७९३ मध्ये. अँगल आणि सॅक्सन लोक त्याच्या तीनेकशे वर्षं आधी इंग्लंडात आले होते, आणि हे देव त्यांच्याबरोबर आलेले. नंतर आलेले व्हायकिंग म्हणजे या घरचे चुलतभाऊ. गंमत अशी, की ज्या आइसलंडमध्ये स्नोरी स्टुर्लुसननं १२२० च्या सुमारास या देवांच्या कथा लिहून ठेवल्या, तिथेच वारांतून देव हाकलले गेले. श्रेय योन ओग्मुंडसन नावाच्या बिशपला देतात. तिथे मंगळवार 'तिसरा दिवस', बुधवार 'मधला', गुरुवार 'पाचवा', शुक्रवार 'उपासाचा'. मला तर हे रेल्वेच्या टाइमटेबलसारखं वाटतं.

आता शिव्या. माझी आजी शिव्या देण्यात पटाईत होती, त्यामुळे या भागात माझा जीव रमला. "मसणात जा" हे तिचं रोजचं. इंग्रजीत "गो टू हेल". ही हेल नॉर्स, म्हणजे व्हायकिंगांच्या, कथांत एक बाई आहे, लोकी नावाच्या कपटी देवाची मुलगी, अर्धी काळीनिळी आणि अर्धी माणसाच्या रंगाची. म्हातारपणानं, आजारानं मेलेले तिच्याकडे जातात. तिथे आग नाही, काळोख आणि गारठा. हेलचा मूळ अर्थ झाकून टाकणारी जागा. पाद्र्यांनी त्यांच्या धगधगत्या नरकासाठी तोच जुना शब्द वापरला. म्हणजे आजीचं 'मसण' मूळ अर्थाला जास्त धरून होतं.

कोणी शिंकलं की पोरं "ब्लेस यू" म्हणतात, आणि बाईंची पाठ वळली की "ब्लडी". दोन्हींच्या मुळाशी 'ब्लड'. ब्लेस म्हणजे मुळात रक्त लावून पवित्र करणं. 'ब्लडी' ही शिवी कशी झाली यावर विद्वान भांडतात, ते भांडोत. पण नॉर्स यज्ञांचं वर्णन वाचताना मी थबकले: बळीचं रक्त डहाळ्यांनी भिंतींवर आणि जमलेल्या लोकांवर शिंपडायचे. आमचे गुरुजी दर्भानं पाणी शिंपडतात तसं.

पण माझा आवडता शब्द 'वीअर्ड'. आठवीतल्या मुली दिवसातून चाळीस वेळा म्हणतात. मूळ 'विर्ड' म्हणजे दैव. नॉर्स कथांत दैव ठरवणाऱ्या तिघींपैकी थोरलीचं नाव उर्द, ते याच शब्दाचं रूप. दुसरी वेरदांदी, तिचं मूळ आपल्या 'वर्तमान'च्याच धातूत. शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये त्या 'वीअर्ड सिस्टर्स' होऊन आल्या, चेटकिणी म्हणून. लोकांना त्यांचं दैव आठवेना, विचित्रपणा तेवढा लक्षात राहिला.

दिवेलागणीला मी केस विंचरायला बसले की आजी ओरडायची, "सटवे, ही वेळ आहे का?" सटवी ही शिवी. आणि बाळाच्या सहाव्या रात्री कपाळावर नशीब लिहून जाते ती सटवाई, तिची आपण पूजा करतो. तीच बाई! इंग्रजांनी विर्डचं जे केलं तेच आपण सटवाईचं केलं, फक्त आपण तिची पूजाही चालू ठेवली. आमच्या शीतलामाता बाजाराचंही तसंच. देवीचा रोग जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं, आता शीतलामातेला जायचं ते साड्या घ्यायला.

माझ्या लेकीला दोन वर्षांपूर्वी मुलगी झाली. सहाव्या रात्री दोघी दवाखान्यातच होत्या. लेक म्हणाली, "आई, प्लीज, हे फार वीअर्ड दिसेल." तरी मी उशीखाली कोरा कागद आणि बॉलपेन सरकवलंच. पहाटे तापाचा चार्ट भरायला सिस्टर आली, तिला पेन सापडेना, तिनं उशीखालचं घेतलं आणि खिशाला लावून गेली. कागद मी जपून ठेवलाय. कोराच आहे.