ह्लुह्लुवे-इम्फोलोझी: गेंड्यांच्या माहेरी जाऊन आलो, जाणाऱ्यांसाठी थोडी माहिती

साउथ आफ्रिकेला जाणारे आपले बहुतेक लोक क्रूगर नॅशनल पार्क करून परत येतात, आणि क्रूगर भारी आहेच, त्यात वाद नाही. पण गेंडा बघायचा असेल आणि तो आज जगात शिल्लक कसा राहिला हे समजून घ्यायचं असेल तर डरबनच्या उत्तरेला क्वाझुलू-नाताळमध्ये ह्लुह्लुवे-इम्फोलोझी पार्क आहे तिथे जा. कारण खुद्द क्रूगरमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पांढरा गेंडा पूर्ण संपला होता, आणि १९६१ पासून तिथे जे गेंडे नेऊन सोडले ते इथलेच. नुसतं क्रूगर नाही, आज जगात कुठेही, झूमध्ये असो, नामिबियात असो नाहीतर केनियात, जो दक्षिणी पांढरा गेंडा दिसेल त्याचे पूर्वज काळ्या आणि पांढऱ्या इम्फोलोझी या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यात जगलेले. शिकारीमुळे तिथे किती उरले होते यावर एकमत नाही, कोणी वीस-पंचवीस म्हणतं, कोणी पन्नास ते शंभर, पण फारच थोडे उरले होते हे नक्की.

आम्ही मी, बायको आणि मेव्हणा असे तिघं डरबनला उतरलो आणि तिथूनच भाड्याची गाडी घेतली. गाडी डावीकडूनच चालवायची असते त्यामुळे आपल्याला त्रास नाही, लायसन्स इंग्लिशमध्ये छापलेलं असेल तर ते चालतं, सोबत इंटरनॅशनल परमिट ठेवलं तर गाडीवाले कुरकुर करत नाहीत. एन टू हायवेने साधारण पावणेतीनशे किलोमीटर, रस्ता उत्तम, मध्ये टोलनाके आहेत तेव्हा थोडे सुटे रँड जवळ ठेवा. दोन्ही बाजूला मैलोन्‌मैल ऊस आणि निलगिरी. मटुबाटुबाला पेट्रोल टाकी फुल करा, भाजी-फळं-ब्रेड-पाणी सगळं तिथेच भरून घ्या आणि मग आर ६१८ ने न्यालाझी गेटला या. ह्लुह्लुवे गावाकडून येणार असाल तर मेमोरियल गेट जवळ पडतं. गेट उन्हाळ्यात सकाळी ५ ते संध्याकाळी ७ आणि हिवाळ्यात ६ ते ६ असतं, तरी निघायच्या आधी एकदा चेक करा, आणि अंधाराच्या आत गेट किंवा कॅम्प गाठायचाच हे डोक्यात ठेवून दिवस आखा कारण आत वेगमर्यादा ताशी ४० आहे आणि वाटेत हत्ती उभा राहिला तर तो हलेपर्यंत तुम्हीही हलू शकत नाही.

पार्क ९६० चौरस किलोमीटरचा, म्हणजे क्रूगरच्या जवळपास विसावा भाग. उत्तरेला ह्लुह्लुवे, डोंगराळ आणि हिरवं, दक्षिणेला इम्फोलोझी, जास्त मोकळं आणि कोरडं. हे दोन्ही वेगवेगळे गेम रिझर्व्ह म्हणून १८९५ साली जाहीर झाले, आफ्रिकेतल्या सगळ्यात जुन्या राखीव जंगलांपैकी, आणि मधला कॉरिडॉर १९८९ मध्ये जोडला. त्याच्याही आधी ही झुलू राजांची शिकारीची जागा होती, दोन नद्यांच्या संगमापाशी शाका राजाच्या काळातले शिकारीचे खड्डे होते असं सांगतात. म्हणजे गोऱ्या सरकारने येऊन जंगल राखलं एवढीच गोष्ट नाही ही, आणि ज्या झुलू लोकांची ही जमीन त्यांनाच नंतर कुंपणाबाहेर राहावं लागलं हेही विसरून चालणार नाही.

१८९५ ला बोर्ड लागला म्हणजे प्राणी सुरक्षित झाले असं मला वाटायचं, तसं अजिबात झालं नाही. आजूबाजूच्या शेतकऱ्यांची गुरं नागाना रोगाने मरत होती. डेव्हिड ब्रूस या लष्करी डॉक्टरने याच झुलूलँडमध्ये उबोम्बोला १८९० च्या दशकात शोधून काढलं की हा रोग त्सेत्से माशी पसरवते आणि जंगली जनावरांच्या रक्तात त्याचे जंतू असतात. मग शेतकरी म्हणाले जनावरंच मारा. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात इथे सरकारी मोहिमा काढून झेब्रे, विल्डेबीस्ट, वार्टहॉग असे लाखाच्या घरात प्राणी मारले गेले, रिझर्व्हच्या आत! इम्फोलोझीचा कारभार तर काही वर्षं पशुवैद्यक खात्याकडेच होता. गेंड्यांना तेवढं वगळलं होतं म्हणून ते वाचले. शेवटी १९४५ नंतर विमानातून डीडीटी फवारलं तेव्हा माशी गेली आणि गोळ्या थांबल्या. आज तुम्हाला तिथे झेब्र्यांचा कळप दिसेल ना, तेव्हा हे आठवा, कारण बोर्डवर एवढं सगळं लिहिलेलं नसतं.

न्यालाझी गेटच्या जवळ सेंटेनरी सेंटर आहे, बरेच लोक पुढे जायच्या घाईत टाळतात, प्लीज टाळू नका. प्राणी पकडून दुसरीकडे पाठवायच्या आधी ठेवायचे बोमा, म्हणजे जाड लाकडी ओंडक्यांचे गोठे, तिथे आहेत, आणि ऑपरेशन रायनो म्हणजे काय ते तिथे उभं राहिल्यावर नीट कळतं. १९५३ मध्ये इयान प्लेयर या तरुण रेंजरने विमानातून मोजणी केली तेव्हा ४३७ पांढरे गेंडे भरले. म्हणजे वाढत होते, पण सगळेच्या सगळे एका जागी, एक साथ आली की खलास. म्हणून ठरलं की वाटून टाकायचे. पण दोन टनाचा प्राणी उचलायचा कसा? भूल देणारं औषध किती द्यायचं हेच कोणाला माहीत नव्हतं, कमी पडलं तर जनावर मैलोन्‌मैल पळणार, जास्त झालं तर मरणार. टोनी हार्थूर्न हे पशुवैद्य प्रयोग करत राहिले आणि एम ९९ नावाचं औषध आल्यावर जमलं, डार्ट मारायचा, घोड्यावरून माग काढायचा, गेंडा बसला की थोडा उतारा देऊन दोर लावून अर्धवट गुंगीत त्यालाच क्रेटमध्ये चालवत न्यायचं. नाताळ पार्क्स बोर्डाने असे गेंडे आधी आसपासच्या रिझर्व्हमध्ये, मग क्रूगरला, मग इतर देशांत आणि जगभरच्या झूंमध्ये पाठवले. यात प्लेयरांचं नाव सगळीकडे येतं, पण त्यांच्या बरोबर कायम असायचे ते मागकुबू न्टोम्बेला, झुलू गेम गार्ड, ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं पण हे रान पाठ होतं आणि प्लेयर स्वतः त्यांना गुरू मानायचे. माझ्या मते या कामाचं अर्धं श्रेय त्यांच्यासारख्या गार्ड लोकांचं आहे, गाइडला त्यांच्याबद्दल मुद्दाम विचारा.

आता गेंडे कुठे दिसतात ते मी मुद्दाम लिहीत नाहीये. आणि तुम्हीही लिहू नका, ही हात जोडून विनंती. फोनचं लोकेशन बंद करून फोटो काढा, फोटो टाकताना रस्त्याचं किंवा पाणवठ्याचं नाव टाकू नका. २००७ साली अख्ख्या साउथ आफ्रिकेत चोरट्या शिकारीत १३ गेंडे मेले होते, २०१४ मध्ये १,२१५. क्रूगरमध्ये दहा हजारांच्या वर असलेले पांढरे गेंडे दोन-अडीच हजारांवर आले, आणि तिथे बंदोबस्त वाढला तसे शिकारी इकडे वळले. २०२३ मध्ये देशात ४९९ गेले त्यातले ३०७ या एकाच पार्कमधले. ज्या जागेने सगळ्या जगाला गेंडे दिले तिच्यावर ही वेळ आली, हे वाचून मला फार वाईट वाटलं होतं.

त्यामुळे तुम्हाला दिसणाऱ्या गेंड्याला बहुतेक शिंग नसेल, तयारी ठेवा. काझीरंगा केलेल्यांना एक शिंग माहीत असतं, इथल्यांना दोन असतात, पण एप्रिल २०२४ पासून इथे शिंगं कापायला सुरुवात झाली. भूल देऊन, डोळ्यांवर पट्टी बांधून करवतीने वरचा भाग कापतात, शिंग म्हणजे आपल्या नखांच्याच जातीचं केराटिन असल्यामुळे दुखत नाही आणि परत वाढतं, म्हणून दीड-दोन वर्षांनी पुन्हा कापावं लागतं. मेव्हण्याला आधी ते बघून फार हळहळ वाटली, फोटोच काढेना. पण २०२४ मध्ये पूर्ण क्वाझुलू-नाताळ प्रांतातला चोरट्या शिकारीचा आकडा ३२५ वरून २३२ वर आला, आणि क्रूगरच्या परिसरातल्या रिझर्व्हच्या अभ्यासात शिंगं कापल्यावर शिकार सुमारे ७८ टक्क्यांनी घटलेली दिसली. मला विचाराल तर बिनशिंगाचा जिवंत गेंडा कधीही चालेल.

काळा आणि पांढरा कसा ओळखायचा तर रंगावर जाऊ नका, दोघंही राखाडी आणि चिखल लागेल तसे. पांढऱ्याचं तोंड रुंद आणि सपाट, मान खाली घालून गवत खातो, मोकळ्यावर दिसतो. काळ्याचा वरचा ओठ टोकदार, झुडपं खातो, दाट झाडीत असतो आणि तापट, त्याच्यापासून गाडी लांबच ठेवा. पिल्लू असेल तर सोपं, पांढऱ्याचं पिल्लू बहुधा आईच्या पुढे चालतं, काळ्याचं मागे. काळ्यांची कहाणी वेगळीच आहे, १९७० च्या सुमारास आफ्रिकेत ६५ हजार होते, १९९० च्या दशकात अडीच हजारांच्या खाली गेले, आता सहा हजारांच्या वर आलेत, आणि २००३ पासून क्वाझुलू-नाताळमधले काळे गेंडे नवीन जागी नेऊन वसवायचं काम चालू आहे.

राहायला ह्लुह्लुवेत हिलटॉप कॅम्प, टेकडीवर, रेस्टॉरंट आहे, वयस्कर आईवडील बरोबर असतील तर हाच घ्या. आम्हाला इम्फोलोझीतला म्पिला जास्त आवडला पण तिथे कुंपण नाही, रात्री तरस अंगणात फिरतं, खाणं बाहेर ठेवायचं नाही, टॉर्चशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि दिवसा माकडं आहेतच, दार लोटून नाही तर कडी लावून जा. रेस्टॉरंट नाही, छोटं दुकान आहे, स्वयंपाक आपला आपण. शाकाहारी असाल तर पोहे, डाळ-तांदूळ, मसाल्याचा डबा घेऊनच या. प्लग आपल्या एसीच्या मोठ्या तीन पिनांसारखा असतो, घरातला तसला अडॅप्टर टाका बॅगेत.

जून ते सप्टेंबर, म्हणजे तिकडचा हिवाळा, सगळ्यात चांगलं, गवत वाळलेलं, प्राणी पाण्यावर येतात, पण पहाटे उघड्या जीपमध्ये चांगलीच थंडी वाजते, जॅकेट हवंच. मलेरियाचा धोका कमी सांगतात तरी डॉक्टरांना विचारून जा. व्हिसा आधीच काढावा लागतो, आणि विमान यलो फीव्हरवाल्या देशातून जाणार असेल व तिथे १२ तासांपेक्षा जास्त थांबणार असाल तर लसीचं सर्टिफिकेट लागतं.

आणि पाय धड असतील तर वाइल्डरनेस ट्रेल नक्की बघा. इम्फोलोझीचा दक्षिण भाग १९५० च्या दशकाच्या शेवटी प्लेयरांच्या पुढाकाराने वाइल्डरनेस म्हणून राखला, आत रस्ताच नाही, हत्यारबंद रेंजरबरोबर पायी जायचं, एका ग्रुपमध्ये जास्तीत जास्त आठ जण. आम्हाला जागा मिळाली नाही म्हणून सकाळच्या छोट्या गाइडेड वॉकवर भागवलं. ट्रेल हवा असेल तर विमानाचं तिकीट काढायच्या आधी एझेम्वेलोकडे (हा पार्क चालवणारी सरकारी संस्था) बुकिंग करा, काही महिने आधी, आणि त्या तारखांवर बाकीची ट्रिप बसवा.