नऊ दशांश सेंट

आमच्या न्यू जर्सीत आपल्या गाडीत आपण गॅस, म्हणजे पेट्रोल, भरायचा नाही. तसा कायदाच आहे, १९४९ पासूनचा. बाकी राज्यांनी तो नाद सोडला, आम्ही धरून बसलोय. त्यामुळे पंपावर गेलं की काच खाली करायची, कार्ड बाहेर द्यायचं आणि नुसतं बसून राहायचं. नुसतं बसलं की वाचायला समोर एकच गोष्ट असते, भावाची पाटी. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस एका दुपारी, एडिसनमध्ये रूट २७ वर, पाटीवर गॅलनचा भाव होता ३.०९. आणि त्या नवाच्या खांद्यावर चढून बसलेला एक बारीकसा ९/१०.

हा ९/१० मला वीस वर्षं छळतोय. सेंटचे दहा तुकडे करून त्यातले नऊ घेणारा दुकानदार जगात दुसरा कुठे आहे? सरळ तीन डॉलर दहा म्हणा ना. आपल्याकडे बाटाच्या चपलांच्या किमती अशाच असायच्या, पण त्या पंचाण्णव पैशांमागचे पाच पैसे निदान हातात तरी यायचे.

तर त्या दुपारी मी अध्यक्षपदाच्या निवडणुकीचं मत देऊन परतत होते. पंपावरचा पोरगा जालंधरकडचा, मला अंटीजी म्हणतो. छातीवरचं स्टिकर बघून म्हणाला, "डाल दिया? किसको?"

मी पाटीकडे बोट केलं. तो हसला आणि नळी लावायला गेला.

कोणाला दिलं ते मी घरातही सांगितलेलं नाही. हे वळण वडिलांचं. आई दर निवडणुकीला विचारायची आणि ते दर निवडणुकीला "गुप्त मतदान म्हणजे काय ते शिकवलं नाही का शाळेत?" म्हणून पेपर वर धरायचे.

१९८० च्या जानेवारीतली लोकसभेची निवडणूक मला आठवते ती मात्र कांद्यामुळे. नाशकात आम्ही दोन खोल्यांत राहत होतो. कांदा इतका महाग झाला होता की आई अर्धाच चिरायची आणि उरलेला अर्धा बशीत पालथा घालून त्यावर वाटी झाकायची. रात्री पाणी प्यायला उठलं की त्या वाटीखालून वास यायचा. इंदिराबाईंनी तो कांदा प्रचारात आणला आणि जनता पक्षाचे नेते तत्त्वांवर भांडत बसले. त्याच सुमारास निफाडहून मामा आला. आईनं जेवताना त्याला चांगलाच झोडपला. "तुमची चंगळ आहे बाबा, आमच्या ताटात कांदा नाही." मामा खाली मान घालून जेवत होता. मग म्हणाला, "ताई, कांदा होता तेव्हा दिवाळीआधीच साठवणीची चाळ रिकामी केली गं, सडायला लागला होता म्हणून. मिळेल त्या भावानं. आता भाव आहे तर माझ्याच घरात विकतचा येतोय." आईनं काही न बोलता ती बशीतली अर्धी फोड चिरून त्याच्या ताटात वाढली. वडिलांनी रेडिओचा आवाज वाढवला.

आईनं आणि मामानं मत कोणाला दिलं कुणास ठाऊक. दोघांनीही कांद्यावरूनच दिलं असणार आणि बहुतेक वेगवेगळ्या माणसांना.

इकडे आमच्या महागाईचं म्हणाल तर २०२२ च्या जूनमध्ये तिचा आकडा ९.१ टक्के होता, चाळीस वर्षांत नव्हता इतका. देशभरात गॅसचा सरासरी भाव तेव्हा पाच डॉलरवर गेला होता. निवडणुकीपर्यंत तो आकडा अडीच टक्क्यांच्याही खाली आला, आणि टीव्हीवरचे अर्थतज्ज्ञ रोज समजावत होते की बघा, आली की नाही आटोक्यात? आली असेल. पण आटोक्यात आली म्हणजे पुढे सावकाश वाढेल. पाचाचा दह्याचा डबा सातावर गेला तो काही खाली उतरला नाही. हे गणित कुठल्याही बाईला कळतं, आणि ते कळतं म्हणूनच ती चिडते.

उमेदवार दोन. कमलाबाई हॅरिस, तेव्हाच्या बायडन यांच्या उपाध्यक्ष, यांचं मला सुरुवातीला कौतुक होतं. आई मद्रासची, म्हणजे घरात इडलीचं भांडं असणारच. पण टीव्हीवर त्यांना विचारलं की बायडन यांच्यापेक्षा तुम्ही वेगळं काय केलं असतंत, तर म्हणाल्या, तसं काही सुचत नाही. मला त्यांची अडचण समजली. सासू शेजारी बसलेली असताना आमटी खारट झालीय हे सुनेनं म्हणायचं कसं? पण जेवणारे चाखायचे ते चाखतातच. त्यांचा उपाय असा की किराणा मालात जे अवाच्या सवा नफेखोरी करतील त्यांच्यावर देशभर कायद्यानं बंदी आणायची.

ट्रम्पसाहेबांचा उपाय आयात कराचा. सगळ्या जगाच्या मालावर दहा-वीस टक्के, चीनच्या मालावर साठ. शब्दकोशातला सर्वांत सुंदर शब्द टॅरिफ, असं ते शिकागोत म्हणाले. ऐकून मी गार.

कारण माझं बालपण या दोन्ही औषधांवर गेलंय. नफेखोर आणि साठेबाज हे शब्द मी पाढ्यांच्या आधी शिकले असेन. रेशनच्या दुकानात काळ्या फळ्यावर खडूनं भाव लिहिलेला असायचा, अगदी स्वस्त, आणि साखरेच्या पुढे "शिल्लक नाही". इथेही अध्यक्ष निक्सनसाहेबांनी १५ ऑगस्ट १९७१ ला नव्वद दिवसांसाठी भाव गोठवून पाहिले होते, आणि ते तर ट्रम्पसाहेबांच्याच पक्षाचे. आणि टॅरिफ? कुवेतचे काका एकदा जपानी टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, घेऊन सांताक्रूझला उतरले. कस्टमवाल्यांनी इतकी ड्यूटी लावली की त्या पैशात इथेच एक घेतला असता, म्हणाले, मिळाला असता तर. ती ड्यूटी जपाननं भरली नाही, काकांनी भरली, खिशातले दिनार मोडून. मग त्या यंत्रावर क्रोशाचं आवरण घातलं आणि आम्हां मुलांना सांगितलं, लांबून ऐका.

चाळीस वर्षांनी, सात समुद्र ओलांडून, इंग्रजीत छापलेल्या मतपत्रिकेवर मला पुन्हा तेच विचारत होते. रेशनचं दुकान हवं की कस्टमची रांग?

बरं, मी काय दिलं त्यानं फरक पडत होता असंही नाही. इथे अध्यक्ष निवडायला प्रत्येक राज्याला ठरावीक मतं असतात आणि आमच्यासारख्या राज्यांत जिंकणारा ती सगळीच्या सगळी नेतो. न्यू जर्सीची ती चौदा मतं १९८८ नंतर एकदाही ट्रम्पसाहेबांच्या रिपब्लिकन पक्षाकडे गेलेली नाहीत, आणि या खेपेला अंतर बरंच घटलं तरी गेली नाहीतच. माझी मैत्रीण डेलावेअर नदीच्या पलीकडे राहते, पेनसिल्व्हेनियात. तिकडे एकोणीस मतं, ती कुठे जातील याचा नेम नाही, म्हणून तिच्या दारात दोन महिने रोज कोणीतरी उभं. लेकीच्या लग्नात आले नाहीत इतके पाहुणे, म्हणते. आमच्या दारात फक्त पिझ्झावाल्याची पत्रकं. लोकशाहीतसुद्धा घर कुठल्या गल्लीत आहे ते बघावं लागतं.

निकाल लागला तो तुम्हाला माहीत आहे. पुढच्या मार्चमध्ये बर्ड फ्लूनं कोंबड्या गेल्या आणि अंडी डझनाला सरासरी सव्वासहा डॉलर झाली. लोक म्हणायला लागले, बघा, हा आला तरी तेच.

पण ते पुढचं. त्या दुपारी टाकी भरली, पोरानं नळी काढली, झाकण फिरवलं. कार्ड आणि पावती देताना खिडकीत वाकून म्हणाला, "अंटीजी, दोनों बोल रहे हैं टिप पे टॅक्स नहीं लगेगा." दोघंही म्हणत होते खरं, आधी हे मग त्या, दोघंही लास व्हेगासला जाऊन.

"तेरा तो फायदा है फिर," मी म्हटलं.

"टॅक्स की छोडो," तो म्हणाला, "टिप देता कौन है?"

मी पर्समध्ये पाहिलं. एक पाचाची नोट होती. सुट्टे नाहीत रे, म्हटलं, आणि काच वर केली.