बिल विकताना 'रिकोर्स' हा शब्द आधी शोधा

फॅक्टरिंग म्हणजे उधारीचं बिल विकून आजच पैसे उचलणं. समजा बिल 10 लाखांचं. फॅक्टर, म्हणजे बिल विकत घेणारी संस्था, 80 टक्के, म्हणजे 8 लाख अ‍ॅडव्हान्स देते. उरलेले 2 लाख रिझर्व्ह, म्हणजे खरेदीदार पैसे भरेपर्यंत राखून ठेवलेले. वार्षिक 12 टक्के दराने 60 दिवसांचं व्याज साधारण 15,781 रुपये. अर्धा टक्का फी 5,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 900. खरेदीदाराने पैसे भरले की हे वजा जाता 1,78,319 हातात येतात. तो महिनाभर रखडला तर व्याजाचं मीटर चालूच! विथ रिकोर्स करारात त्याने पैसे बुडवले तर अ‍ॅडव्हान्स तुम्हीच परत करायचा. विदाउट रिकोर्समध्ये ती जोखीम फॅक्टरची. पण माल सदोष म्हणून वाद झाला तर बहुधा तिथेही सुटका नाही.

लघुउद्योगांसाठी रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारा ट्रेड्स हा मंच मला जास्त बरा वाटतो: बिलावर फायनान्सर बोली लावतात आणि विक्रेत्यावर रिकोर्स नसतो. गाडी अडते ती खरेदीदाराच्या स्वीकृतीपाशी, म्हणजे त्याने बिल मान्य करण्यापाशी. डेबिट नोटा (बिलातून रक्कम कापल्याच्या नोंदी), दरफरक, कमी भरलेला माल यांचा हिशेब आधी मिटवा. स्वीकृतीशिवाय बिल बोलीला जात नाही.