वैमानिक व्हायचंय? क्लासची फी भरण्याआधी टेप घ्या

'एनडीए करू की ग्रॅज्युएशननंतर अ‍ॅफकॅट देऊ?' वायुदलात विमान उडवायचं मनात असलेल्या बहुतेक मुलामुलींची गाडी इथूनच सुरू होते. एनडीए म्हणजे बारावीनंतरची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, अ‍ॅफकॅट म्हणजे पदवीनंतरची वायुदलाची प्रवेश परीक्षा. याचं उत्तर कुठली परीक्षा सोपी यावर ठरत नाही. बऱ्याचदा ते डोळे आणि पायच देऊन टाकतात, आणि क्लासवाले ते कधी मोजत नाहीत.

शिंप्याचा टेप घ्या. भिंतीला पाठ आणि कंबर घट्ट टेकवून जमिनीवर बसा, पाय सरळ पुढे पसरा. भिंतीपासून टाचेपर्यंतचं अंतर ९९ ते १२० सेंटीमीटरमध्ये हवं. मग भिंतीला लावलेल्या स्टुलावर गुडघे काटकोनात ठेवून बसा आणि भिंतीपासून गुडघ्याच्या पुढच्या टोकापर्यंत मोजा. ते ६४ च्या वर नको. बैठकीपासून टाळूपर्यंत ८१.५ ते ९६, आणि उभी उंची किमान १६२.५. यामागे कॉकपिटचं गणित आहे. पाय आखूड असले तर रडर पेडल (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारं) पूर्ण दाबलं जात नाही. मांडी लांब असली तर आणीबाणीत सीटसकट बाहेर फेकलं जाताना गुडघा समोरच्या पॅनेलच्या कडेवर आदळतो. घरच्या मापात अर्धा-एक सेंटीमीटर इकडेतिकडे होणारच, पण पाच सेंटीमीटरचा फरक दिसला तर स्वतःची समजूत घालत बसू नका.

दुसरं, डोळे. फ्लाइंग शाखेला चष्म्याचा मायनस नंबर चालत नाही. लेझरने नंबर घालवला तरी शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नको, आणि तपासणीच्या वेळी तिला किमान बारा महिने झालेले हवेत. शिवाय उरलेला नंबर, पारपटलाची (कॉर्नियाची) जाडी आणि डोळ्याची लांबी मोजतात ती वेगळीच. आता एनडीएचं वय आठवा: साडेसोळा ते साडेएकोणीस. म्हणजे मायनस नंबर असलेल्या मुलासमोर 'एनडीए की अ‍ॅफकॅट' असा प्रश्नच उरत नाही. पदवीनंतरचीच वाट, तीही अरुंद. उलट अठराव्या वर्षी घाईघाईने लेझर करून घेणारा ती वाटही स्वतःच बंद करतो.

डोळे आणि मापं ठीक असतील, बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र असेल, तर माझं मत सरळ आहे: एनडीए आधी. एका तुकडीत वायुदलाच्या फ्लाइंगसाठी साधारण ९२ जागा असतात, सीडीएसमधून (पदवीनंतरची सामाईक संरक्षण परीक्षा) वायुदल अकादमीला सुमारे ३२. एनडीएची परीक्षा वर्षातून दोनदा, गणित ३०० गुणांचं, सामान्य क्षमता चाचणी ६०० ची, मुलाखत ९०० ची. तीन वर्षं खडकवासला, मग हैदराबादजवळ दुंडिगलला उड्डाणाचं प्रशिक्षण. कमिशन, म्हणजे अधिकारीपदाची नेमणूक, कायमस्वरूपी. २०२२ पासून मुलीही आत जातात, पण फ्लाइंगमध्ये त्यांच्यासाठी अलीकडे तुकडीला दोनच जागा दिसतात. त्यामुळे मुलींनी अ‍ॅफकॅटची तयारी बाजूला ठेवू नये. सीडीएसमधून मुलींना वायुदल मिळत नाही, हे अनेकींना फॉर्म भरताना कळतं.

अ‍ॅफकॅटमध्ये शंभर प्रश्न, दोन तास, बरोबरला तीन गुण, चुकीला एक वजा. वय २० ते २४, डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा) कमर्शियल पायलट परवाना असेल तर २६ पर्यंत. पदवी कुठलीही चालते, पण ६० टक्के हवेत आणि बारावीला गणित-भौतिकशास्त्र हवंच. अकरावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडलेल्यांची अडचण इथे होते. इथून मिळणारं फ्लाइंगचं कमिशन चौदा वर्षांचं असतं. पेन्शनला वीस वर्षं लागतात, म्हणजे पेन्शन नाही. सदतीस-अडतीसच्या वयात नागरी विमान कंपनीचं दार ठोठावायचं, हे आधीच धरून चला. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर 'सी' प्रमाणपत्रावर लेखी परीक्षा टाळून थेट एसएसबीला, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीला, जाता येतं. ही संधी मुलं हकनाक वाया घालवतात, कारण पहाटेची परेड नको असते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वैमानिक निवडीची संगणकीय चाचणी, सीपीएसएस, आयुष्यात एकदाच देता येते. एनडीएच्या वेळी त्यात नापास झालात की सीडीएस, अ‍ॅफकॅट, एनसीसी, कुठल्याही वाटेने फ्लाइंग मिळत नाही. पास झालात तर तो निकाल पुढच्या प्रयत्नांना धरतात. 'बघू तरी काय असतं' म्हणून जायची ही जागा नाही. एका भागात विमानातल्या घड्याळांचं वाचन असतं: कृत्रिम क्षितिज, उंचीमापक, होकायंत्र बघून विमान कुठे वळतंय, चढतंय की उतरतंय ते ओळखायचं. नियम तिथेच समजावतात, पण घड्याळं पहिल्यांदाच बघणारा पहिले काही प्रश्न घालवून बसतो. दुसऱ्या भागात हातात स्टिक, पायाखाली रडर. बहुतेकांचं बिघडतं ते पायात: हात बरोबर जातो, पाय उलटा दाबला जातो. आदल्या रात्रीची झोप इथे पाठांतरापेक्षा जास्त उपयोगी पडते.

वायुदलाचाच हट्ट नसेल तर नाशिक रोडचं गांधीनगर लक्षात ठेवा. लष्कराचे हेलिकॉप्टर वैमानिक तिथे तयार होतात. आधी लष्करात अधिकारी, मग लष्कराचीच हवाई शाखा, असा तो क्रम. नौदलात इंजिनिअरिंग केलेल्यांना शॉर्ट सर्व्हिस पायलट म्हणून पदवीच्या गुणांवर एसएसबीला बोलावतात. विमानवाहू नौकेवर उतरणाऱ्या मिग-२९के ची तळजागा गोव्यातली दाबोळी. सीपीएसएसची भिंत मात्र तिथेही तीच. अग्निवीर वायू होऊन वैमानिक होता येतं हा गैरसमज असेल तर काढून टाका. ती भरती वेगळी आहे.

फॉर्म भरताना एनडीएच्या पसंतीक्रमात वायुदल टाकायला विसरू नका. न टाकल्यास गुण कितीही येवोत, तिकडे विचार होत नाही. जन्मतारखेत एका दिवसाचीही सवलत नसते, आणि तारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात. आधारवर वेगळी असेल तर अधिसूचना निघायच्या आधीच दुरुस्त करून घ्या.