काटा म्हणतो ६८, टेप म्हणते ९६

माझा दादा लहानपणापासून काटकुळा. उंची १७० सेंटीमीटर, वजन ६८ किलो, म्हणजे बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) साडेतेवीस, आंतरराष्ट्रीय मापाने नॉर्मल. त्यामुळे दोन-अडीच महिन्यांपूर्वी त्याचे रिपोर्ट आले आणि त्यात ट्रायग्लिसराइड्स म्हणजे रक्तातली चरबी वाढलेली, एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल कमी, बीपीपण वरच, तेव्हा घरात सगळ्यांचं एकच, अरे पण हा तर बारीक आहे ना!

मी शिवणाची टेप काढली. दादाने लगेच पोट आत ओढलं. म्हटलं दादा, श्वास सोड आधी. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मधे टेप धरायची, श्वास सोडल्यावर आकडा बघायचा, आवळायची नाही. ९६ सेंटीमीटर आले. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत हवी, म्हणजे त्याची ८५ च्या आत.

हे मला खूप मनापासून सांगायचंय, कारण आपण सगळे काट्यावरच्या आकड्याला घाबरतो नाहीतर त्याच्यावर निर्धास्त राहतो, पण काट्याला चरबी कुठली आणि स्नायू कुठले हे कळतच नाही. मांड्यांवरची, कातडीखालची चरबी तुलनेने गरीब असते. पोटाच्या आत लिव्हर, आतड्यांभोवती साठते ती व्हिसरल फॅट, ती नुसती पडून राहत नाही, तिच्यातली बरीचशी फॅटी ॲसिड्स पोर्टल व्हेन या लिव्हरकडे जाणाऱ्या शिरेतून थेट लिव्हरला जातात, लिव्हर मग जास्त ट्रायग्लिसराइड्स बनवून रक्तात सोडतं, इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नाही, शिवाय ही चरबी सूज वाढवणारी रसायनं सोडते ती वेगळीच. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड बनवतं, त्याने वाहिनी सैलावते. या सगळ्यामुळे ते कमी पडलं की वाहिन्या कडक होत जातात, बीपी चढतं आणि हृदयाला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो. आणि यातलं काहीच दुखत नाही!

चरबी किती यापेक्षा कुठे, हे फ्रान्सच्या डॉक्टर जाँ वाग यांनी १९४७ मधेच मांडलं होतं. बीएमआयचं सूत्र तर त्याहून जुनं, केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, १८३० च्या दशकातलं, आणि ते काही हृदयाचा धोका ओळखायला केलेलं नव्हतं. पुढे ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात हार्ट अटॅकचा धोका बीएमआयपेक्षा कंबर-नितंबांच्या गुणोत्तरावरून जास्त चांगला कळला.

स्नायूंचं तर कोणी बोलतच नाही. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू उचलतात, आणि तिशीनंतर ते हळूहळू घटायला लागतात. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, काटा खूश होतो पण शरीराचं नुकसानच. म्हणून दादाला डॉक्टरांनी औषधाबरोबर रोज चालणं आणि आठवड्यातून दोनदा वजन उचलायचा व्यायाम दिला.

काल परत मोजलं. दादा आधी काट्यावर चढला, ६७.५, तोंडच पडलं त्याचं, एवढं करून अर्धा किलो? मी काही बोलले नाही, टेप लावली आणि आकडा त्यालाच वाचायला सांगितला. ९२.