आधी फरशी, मग भिंत

आमच्या स्वयंपाकघरातली फरशी मामंजींनी घर बांधलं तेव्हाची, म्हणजे 1983 सालची. दहा इंची मोझॅक टाइल. अंग विटकरी लाल, त्यात पांढऱ्या, काळ्या आणि हळदी रंगाच्या चिपा, आणि भिंतीच्या कडेनं चारी बाजूंनी गडद हिरव्या टाइलची एक ओळ. यंदा उन्हाळ्याच्या आत घराला रंग द्यायचं ठरलं, तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येकजण एकच सांगू लागला: ही फरशी उखडा, नाहीतर तिच्यावरच पांढऱ्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल टाका, मग भिंतीला कुठलाही रंग चालतो.

मला ती काढायची नव्हती. मे महिन्यात परभणीचा पारा 43-44 अंशांवर जातो, तेव्हा दुपारच्याला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच फरशीवर उशी घेऊन आडव्या होतात. पाणी सांडलं तरी पाय सरकत नाही. खलबत्ता पडला, सिलिंडर आदळलं, पण एक टाइल फुटलेली नाही. आणि तिचा लाल रंग! भिंतींनी या काळात कितीतरी रंग पालटले, फरशी आहे तिथंच आहे. याला कारण आहे. सिमेंटात कालवलेला तो लाल म्हणजे लोखंडाचा ऑक्साइड, गेरू ज्याच्यामुळं लाल असतो तोच. उन्हानं तो उडत नाही आणि सिमेंटातल्या क्षारालाही दाद देत नाही. अजिंठ्याच्या भिंतींवरचा लालही गेरूचाच, दीड हजार वर्षांपूर्वीचा, आणि आपण आजही तो जाऊन पाहतो.

तेव्हा फरशी राहणार हे नक्की झालं. प्रश्न उरला भिंतीचा.

माझं बाजारात मॅचिंग सेंटर आहे. दिवसभर बायका पिशवीतून साडी काढून काउंटरवर टाकतात आणि मी ताग्यातून ब्लाउजचं कापड काढते. या धंद्यात साडी ठरलेली असते, तिच्यात बदल होत नाही, शोधायचा तो ब्लाउज. म्हणून पहिला प्रश्न असतो, मॅचिंग अंगाचं करायचं, काठाचं, का बुट्टीचं? अंगाचाच रंग उचलला तर सगळं एकात एक बुडून जातं. काठाचा उचलला तर साडी उठून दिसते. बुट्टीतला बारीक रंग उचलायला डोळा लागतो, पण जमला तर त्याच्यासारखं काही नाही. स्वयंपाकघरात मी हेच केलं. फरशी ही साडी. तिचं अंग लाल, काठ हिरवा, बुट्टी पांढरी, काळी आणि हळदी. म्हणजे निवड या पाच रंगांत आणि त्यांच्या फिक्या छटांत. शेड कार्डाची बाकीची पानं मी उघडलीच नाहीत.

पण रंग बघायच्या आधी फरशी मूळ रंगावर आणावी लागते. आमच्याकडं बोअरचं पाणी. ते जड, त्यामुळं पुसून पुसून फरशीवर पांढुरका थर बसलेला होता आणि लाल रंग गुलाबीसर दिसायचा. अशा फरशीला जुळवून भिंत रंगवली आणि मग कधी फरशी घासून घेतली, तर सगळं मॅचिंग वाया. म्हणून पॉलिशवाला बोलावला. त्यानं मशीनला आधी जाड, मग बारीक दगड लावून पाणी सोडत घासलं आणि शेवटी ऑक्झॅलिकची पावडर मारली. घासताना राड उडून भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत चिकटते, त्यामुळं हे काम रंगाच्या आधीच उरकावं. आणि एक अगदी कळकळीनं सांगते, मोझॅकवर संडास धुवायचं अ‍ॅसिड कधीच ओतू नका. चिपा संगमरवराच्या असतात आणि त्यांना धरणारं सिमेंटच आहे, अ‍ॅसिड दोघांनाही खातं. फरशी दोन दिवस उजळ दिसते आणि मग कायमची खडबडीत होऊन मळ धरायला लागते.

आमच्याकडं रंगाचं काम एक पेंटर चाचा करतात. उरुसाच्या गर्दीत त्यांना गाठलं. ते म्हणाले, "ताई, आयव्हरीच मारते सब लोगां. कायकू सर खपाते?" मी म्हटलं, चाचा, आयव्हरीही बघू, पण फरशीजवळ धरून बघू.

साड्यांच्या खोक्यांचे मोठे पुठ्ठे दुकानात पडलेले असतात. ते आणले, त्यांना पांढरा प्रायमर मारला आणि छोट्या डब्यांतून एकेक रंग दोन-दोन हात दिला. पुठ्ठा निदान दोन फुटी हवा, आणि तो भिंतीवर डोळ्यासमोर टांगायचा नसतो, फरशीला टेकवून उभा करायचा असतो. फरशी आणि भिंत जिथं एकमेकींना भेटतात तिथंच रंगाचं खरं-खोटं होतं. आमची जुनी भिंत आकाशी होती. तो रंग मागं असला तर पुढचा कुठलाही रंग नीट कळत नाही, म्हणून दुकानातून पांढऱ्या पॉपलीनचा तागा आणून भिंतीवर सोडला आणि त्याच्यापुढं पुठ्ठे लावले. रंग पूर्ण वाळू द्यायचा, कारण इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेला भिंतीचा रंग, वाळल्यावर थोडं गडद होतं. आणि शेड कार्डावर बोटाएवढा दिसणारा रंग चार भिंतींवर जास्तच भडक वाटतो, कारण भिंती आपला रंग एकमेकींवर टाकतात. त्यामुळं कार्डावर आवडलेल्या शेडपेक्षा एक घर फिकी घ्यावी.

आता काय दिसलं ते सांगते. आमच्या स्वयंपाकघराला पूर्वेची खिडकी आहे. सकाळी ऊन आत येऊन फरशीवर पडतं आणि तिथून लाल उजेड उसळून भिंतीवर चढतो. ओट्यापाशी उभं राहिलं तर कळत नाही, पण खाली बसलं, भाजी निवडायला बसतो तसं, की भिंतीचा गुडघ्याखालचा भाग वरच्या भागापेक्षा स्पष्ट लालसर दिसतो. आयव्हरीचा पुठ्ठा त्या उजेडात खाली गुलाबी झाला आणि वर पिवळा राहिला, एकाच रंगाचे दोन तुकडे जोडल्यासारखा. चाचांनीही बसून पाहिलं आणि मान हलवली.

राखाडी सध्या सगळीकडं चालतोय, म्हणून तोही लावला. दुकानात निव्वळ राखाडी असलेला रंग फरशीजवळ आला की हिरवट-निळसर आणि आजारी दिसायला लागला. डबा बदलला नव्हता, रंग तोच होता. माझी मुलगी इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेची तयारी करत होती, तिनं रंगचक्र पुढं ठेवलं: लालच्या समोर हिरवा. लाल बघून बघून डोळा शेजारच्या रंगहीन रंगात हिरवा मिसळतो. ही गोष्ट शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1839 मध्ये ग्रंथ लिहून मांडली. पॅरिसच्या गोब्लां विणकाम कारखान्यात रंगाई त्याच्याकडं होती आणि काळ्या धाग्याचा रंग कच्चा आहे अशी तक्रार त्याच्यापर्यंत आली. तपासलं तर रंग पक्का निघाला. शेजारी निळे-जांभळे धागे असल्यामुळं तो काळा मळका दिसत होता. मला हे वाचून फार आनंद झाला, कारण गिऱ्हाईक ब्लाउजपीस परत आणून "ताई, हा तो रंगच नाही" म्हणतं, तेव्हा मी तो साडीवरून उचलून पांढऱ्या कागदावर ठेवते आणि तो तोच रंग निघतो.

हळदीचा पुठ्ठा आत्याबाईंना फार आवडला. "हळदी-कुंकवाचं घर दिसंल बघ," म्हणाल्या. सकाळी तो सुंदर होताच. पण लाल उजेडानं खालून नारिंगी झाला, आणि दुपारी गॅस चालू असताना त्या खोलीत अजून ऊब वाढवणारा रंग मला नको होता. फरशीत हळदी चीप किती आहे? मूठभर. मग तिचा रंगही तेवढाच असावा. भिंतीतल्या फडताळाला आतून हळदी द्यायचं ठरलं. आत्याबाईंच्या बरण्या तिथंच असतात, दार उघडलं की रंग दिसतो. त्यांना हे पटलं.

राहिला काठाचा हिरवा. तो फिका केला तर शेड कार्डावर पिस्ता येतो, आणि पिस्ता लाल फरशीजवळ उभा केला की दोन्ही रंग एकमेकांवर ओरडतात. लाल-हिरवा एकत्र नांदत नाहीत असं नाही. अजिंठ्याला गेरूचा लाल आणि हिरव्या मातीचा हिरवा एकाच भिंतीवर आहेत आणि डोळ्याला कुठं टोचत नाहीत, कारण दोन्ही मातीचे, दोन्ही दबलेले. आमची फरशीही दबलेलीच लाल आहे, तेव्हा हिरवाही दबलेला हवा. रंगाच्या दुकानात टिंटिंग मशीनवर बसणाऱ्या पोराला सांगितलं, बेटा, हा फिका हिरवा घे आणि यात लाल ऑक्साइडचा आणि काळ्याचा थोडा थोडा शॉट वाढव. समोरचा रंग थोडा मिसळला की भडकपणा खाली बसतो, हे रंगाऱ्यांना पिढ्यानपिढ्या माहीत आहे. पहिल्या डब्यात काळा जास्त पडला, पुढच्यात जमलं. वाळलेल्या गवती चहाच्या पातीचा रंग आला.

हा पुठ्ठा सकाळच्या उन्हात ठेवला तेव्हा जे दिसलं त्यासाठी हे सगळं लिहितेय. फरशीचा लाल उजेड त्या हिरव्यावर पडला आणि दोघांनी एकमेकांना मारलं. खालचा भाग ना गुलाबी, ना हिरवा, शांत पांढुरका दिसत होता. ऊन सरकलं तसा हिरवा हळूहळू वर आला, आणि दुपारी, जेव्हा डोळ्याला गारवा हवा असतो, तेव्हा भिंत पूर्ण हिरवी झाली. धूपछाँव साडी हातात फिरवली की ताणा एक रंग दाखवतो आणि बाणा दुसरा, तसं हे दिवसाच्या तासांवर चाललेलं. चाचा म्हणाले, "ये सही बैठा."

रात्रीचं वेगळं बघावं लागतं. दुकानातही मी गिऱ्हाइकाला साडी घेऊन दारात उन्हाला उभी करते, कारण ट्यूबखाली चिंतामणी आणि मोरपंखी यांतला फरक कळत नाही. घरात मात्र रात्रीचा स्वयंपाक दिव्यातच होतो. एलईडीच्या खोक्यावर केल्विनचा आकडा असतो. 6500 चा दिवा निळसर पांढरा, त्यात आमची लाल फरशी मेली आणि हिरवा बोचरा झाला. 3000 चा पिवळसर, त्यात फरशी खुलली पण हिरवा नुसता राखाडी वाटायला लागला. 4000 चा मधला लावला, त्यात दोघं नीट दिसतात आणि कोथिंबीर ताजी आहे का शिळी हेही कळतं.

बाकीचं पटकन सांगते. ओटा काळ्या कडाप्प्याचा आहे, म्हणजे काळी चीप तिथं आली. ओट्यामागच्या टाइल्स पांढऱ्या आहेत आणि छतही पांढरंच ठेवलं, पण निळसर झाक नसलेलं. भिंतीला मऊ चमक असलेलं, धुता येणारं इमल्शन घेतलं. अगदी मॅट घेतलं तर फोडणीचे डाग पुसताना चट्टे पडतात, आणि फार चमकदार घेतलं तर फरशीचं प्रतिबिंब भिंतीत दिसतं आणि ताळमेळ बिघडतो. पांढरा ऑइल पेंट स्वयंपाकघरात टाळा, कमी उजेडात तो पिवळा पडतो. सगळे डबे एकाच वेळी आणून मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घेतले. ब्लाउजच्या रुबिया कापडाचे दोन लॉट कधी शंभर टक्के जुळत नाहीत, तसेच रंगाचेही. डब्यावरचं फॉर्म्युल्याचं स्टिकर काढून फडताळाच्या दाराला आतून चिकटवलंय, पुढंमागं डागडुजीला लागेल.

आता सेलूच्या नणंदबाईंचा फोन आलाय. त्यांच्याकडं शहाबादी आहे, निळसर राखाडी, आणि त्यांना आमचाच हिरवा हवाय. मी सांगितलं, वन्सं, तुमची फरशी थंड रंगाची आहे, तिच्याजवळ हा हिरवा उदास दिसेल. तुम्हाला उबेचा रंग लागेल, बदामी, फिका गेरू, नाहीतर आत्याबाईंची ती हळदी थोडी फिकी करून. आणि आधी खिडकी कुठल्या दिशेला आहे ते सांगा. त्यांची खिडकी उत्तरेला निघाली, म्हणजे थेट ऊन जवळजवळ नाहीच. तेव्हा हळदीचीच शक्यता जास्त वाटते. रविवारी पुठ्ठे घेऊन जातेय, तिथं फरशीला टेकवून बघू.