भूतानमध्ये धरण बघायला कोण जातं?

भूतानला जायचं ठरलं तेव्हा बाबांचा पहिला प्रश्न होता, "बाराशे रुपये कसले?"

आपल्याला तिथे माणशी, दर रात्रीला 1200 रुपये शुल्क भरावं लागतं. हॉटेल, जेवण, गाडी हे सगळं वेगळं. हे नुसतं तिथे राहण्याबद्दल. शाश्वत विकास शुल्क असं भारदस्त नाव आहे त्याला. सात रात्री, दोन माणसं, 16800 रुपये. बाबा ऐंशीचे. ज्येष्ठ नागरिकांना सवलत आहे का, हे त्यांनी मला तीनदा विचारायला लावलं. नाहीये. इतर परदेशी लोकांना रात्रीला 100 डॉलर पडतात, हे सांगितल्यावर जरा निवले. आपण स्वस्तात सुटलो याचं समाधान काही वेगळंच असतं.

2024 च्या नोव्हेंबरात गेलो. बागडोगरा, जयगाव, फुन्त्शोलिंग, थिंफू. पारो आणि तिथल्या कड्यावरच्या टायगर्स नेस्ट मठाबद्दल मी काही लिहिणार नाही, ते सगळ्यांनी लिहिलंय. (मी अर्ध्यातून परत आले. गुडघा.) थिंफूचे दोन दिवस छान गेले, संपले.

मला लिहायचंय ते दोचुला खिंडीच्या चढावर बसमध्ये झालेल्या बोलण्याबद्दल. तोंडात अजून कडू आहे.

आमच्या ग्रुपमध्ये ठाण्याचे एक काका होते. हौशी, बोलघेवडे, सगळ्यांना चिवडा वाटणारे. बस वळणं घेत चढत होती, रस्ता सुरेख होता आणि कडेला भारताच्या बॉर्डर रोड्स संघटनेच्या 'दंतक' या रस्तेबांधणी प्रकल्पाचे पिवळे बोर्ड येत होते. काका म्हणाले, "बघा, रस्ते आपले, धरणं आपली, पैसा आपला. आणि वर आपल्याकडूनच बाराशे घेतात!" बस हसली. मीही हसले, हे कबूल करते. तीच तक्रार मी घरी आठवडाभर केली होती.

आमचा गाईड पुढच्या सीटवर होता. असेल अठ्ठावीसचा, अंगात घो हा भूतानी झगा, पायात गुडघ्यापर्यंत मोजे. मराठी येत नव्हतं, पण 'आपले', 'पैसा' आणि 'बाराशे' कळायला मराठी कशाला लागतं? टीव्हीवरच्या मालिकांनी त्याचं हिंदी पक्कं झालं होतं. मागे वळून अगदी शांतपणे म्हणाला, "सही बात है सर. पहला प्लान पूरा इंडिया के पैसे से हुआ था. मेरे दादाजी ने यही रोड बनते देखा. उससे पहले थिंफू से बॉर्डर तक पैदल जाते थे." मग पुढे वळून बसला. राग नाही, टोमणा नाही. काकांनी त्याला चिवडा दिला. त्याने घेतला.

तो म्हणाला ते खरं आहे. भूतानची पहिली पंचवार्षिक योजना 1961 ची, तिचा सगळा खर्च भारताने उचलला. 'दंतक'ही त्याच वर्षीचं. त्याच्या तीन वर्षं आधी नेहरू भूतानला गेले तेव्हा गाडीरस्ताच नव्हता. नाथू ला ओलांडून तिबेटच्या चुंबी खोऱ्यातून घोड्यावर आणि याकवर बसून गेले होते. म्हणजे काका खोटं काहीच बोलले नव्हते. तरी ते मला इतकं का लागलं? लग्नात आहेर देऊन मग दहा वर्षं तो किती रुपयांचा होता हे सांगत फिरणारे नातेवाईक असतात ना, तसं वाटलं.

पुनाखाला पोहोचल्यावर बाबांनी बॉम्ब टाकला. "मला ते रखडलेलं धरण बघायचंय."

बाबांची सगळी नोकरी कोयनेला गेली, पोफळीच्या भूमिगत वीजघरात. 1967 च्या डिसेंबरमधल्या भूकंपाच्या रात्री ते तिथेच होते. तेव्हापासून जगातल्या प्रत्येक डोंगराकडे ते संशयाने बघतात. फुन्त्शोलिंगहून वर येताना चुखा वीजप्रकल्पाचे टॉवर दिसायला लागले तेव्हा बर्फाची शिखरं दिसल्यासारखे खूश झाले होते. 336 मेगावॉट, 1986 ते 88 मध्ये सुरू झालेला, आपणच बांधून दिलेला, हे त्यांना तोंडपाठ. पुनात्सांगछू नदीवरचा पहिला, रखडलेला प्रकल्पही त्यांनी पेपरात वाचून ठेवला होता.

ग्रुपमधून एकच प्रतिक्रिया आली: "धरण बघायला भूतानला कशाला? कोयना नाही का बघितली?" दुपार मोकळी होती. बाकीचे झोपले. ड्रायव्हरने जादा दीड हजार सांगितले, मी मुकाट्याने कबूल केले, गाईड पुढे बसला आणि आम्ही निघालो.

पुनाखाच्या झोंगपाशी, म्हणजे किल्लेवजा मठापाशी, फो छू आणि मो छू या नद्या भेटतात, तिथून पुढे ती पुनात्सांगछू. आपल्या हद्दीत आली की संकोश. वांगदीला टेकाडावर नवाकोरा झोंग दिसतो. जुना 2012 मध्ये जळाला, नवा उभारायला पुन्हा भारताचेच पैसे. काका बरोबर नव्हते ते बरं झालं.

वांगदीच्या पुलापासून सात-आठ किलोमीटर खाली गेल्यावर गाडी एका वळणावर थांबली. आत जायला परवानगी नाही, फोटो काढू नका, असं गाईडने आधीच सांगितलं होतं. उजव्या काठाचा अख्खा डोंगर पायऱ्या-पायऱ्यांनी कापलेला, त्यावर सिमेंटचा राखाडी लेप. हिरव्या दरीत प्लास्टर घातलेला पाय ठेवावा तसा. 2013 च्या जुलैमध्ये हा डोंगर सरकला. 1200 मेगावॉटचा प्रकल्प, करार 2007 चा, खर्चाचा अंदाज सुमारे 3500 कोटी, वीज 2016 च्या सुमाराला यायची होती. खर्च नऊ हजार कोटींच्या वर गेला आणि आम्ही उभे होतो तेव्हा मुख्य धरणाचं काम बंद होतं.

बाबा कठड्याला धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वीजघर वगैरे होऊन बसलं असणार. धरणाचंच काय ते अडलंय." स्वयंपाक तयार आणि गॅसवर ठेवायला पातेलं नाही, अशा सुरात.

गाईड म्हणाला, याच नदीवरचा खालचा दुसरा प्रकल्प लवकरच सुरू होईल. (झालाही पुढच्या वर्षभरात, 1020 मेगावॉट.) मग बाबांनी त्याची तोंडी परीक्षा घेतली. पैसे कसे? कर्ज किती? व्याज किती? बिचाऱ्याला पक्षी आणि बुद्धाचे अवतार विचारले जातात, पण हेही त्याला येत होतं. त्याचा मामा याच प्रकल्पावर होता. चुखाच्या वेळी साठ टक्के अनुदान आणि चाळीस टक्के कर्ज, पाच टक्के व्याजाने. त्यानंतरच्या ताला प्रकल्पालाही साठ-चाळीस. मंगदेछू प्रकल्पापर्यंत उलटं झालं: तीस टक्के अनुदान, सत्तर टक्के कर्ज, व्याज दहा टक्के. दुसऱ्या पुनात्सांगछूलाही तेच. रात्री मी मोबाइलवर ताडून बघितलं, आकडे बरोबर होते. भूतानच्या परकीय कर्जात सगळ्यात मोठा वाटा या वीजप्रकल्पांचा, आणि त्यातला बराचसा आपला. आपण बसमध्ये ज्याला 'दिले' म्हणत होतो त्यातलं बरंच 'उसने दिले' होतं.

यात आपण सावकारी केली असं मला म्हणायचं नाही. ठरल्याप्रमाणे वीज आपणच विकत घेतो, चुखा आणि तालाने त्या देशाला खरंच वर आणलं, शाळा आणि दवाखाने तिथे फुकट आहेत. 2023 च्या डिसेंबरात भूतान अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडला. "कोयनेला पण जागतिक बँकेचं कर्ज होतं," बाबा गाईडला म्हणाले. "आपण फेडलं." सगळे हप्ते यांनीच भरले असावेत असा चेहरा.

हिवाळ्यात नद्या आटल्यावर काय करता, हा बाबांचा शेवटचा प्रश्न. गाईड हसला. "जुलाई में हमारी बिजली आपके घर, जनवरी में आपकी बिजली हमारे घर."

परतताना वांगदीला चहाला थांबलो. (लोणी-मिठाचा चहा मी दुसऱ्यांदा प्यायले. तिसऱ्यांदा पिणार नाही.) मी उगाच विचारलं, मामा अजून प्रकल्पावर आहे का? नाही, मामा ऑस्ट्रेलियात, पर्थला. बहीण पर्थला, वृद्धांची देखभाल करते. बायको विद्यार्थी म्हणून सहा महिन्यांपूर्वी पर्थला गेली. त्याचेही कागद झाले होते, हा त्याचा शेवटचा सीझन. डिग्री वाणिज्यची. "मॅडम, बिजली बनाने में आदमी कम लगता है." एवढंच म्हणाला आणि बिस्किटाचा पुडा बाबांपुढे सरकवला. धरण बांधायला हजारो माणसं लागतात, पण त्यातली बरीचशी मजूर मंडळी आपल्याकडून जातात. एकदा बांधून झालं की बटणं दाबायला किती लागतात ते पोफळीच्या कॉलनीत वाढलेल्या मला माहीत आहे.

मला त्या क्षणी बाराशे रुपयांची फार लाज वाटली. पुन्हा गेले तर कुरकुर करणार नाही, असं मात्र लिहून देत नाही.

दुसऱ्या दिवशी फोबजिखाला काळ्या मानेचे क्रौंच बघितले, सुंदर होते, थंडीने हाडं वाजली. हॉटेलात बाबा झोपायच्या आधी खोलीतले सगळे दिवे नि बाहेरच्या पॅसेजमधलाही एक दिवा बंद करून आले. काका अंधारात धडपडले.

गाईड फेब्रुवारीत पर्थला गेला. बाबांनी त्याचा नंबर घेतला होता. रोज सकाळी सातला ते त्याला फुलांचं सुप्रभात पाठवतात. तिकडे तेव्हा साडेनऊ झालेले असतात आणि तो कुठल्याशा गोदामातली रात्रपाळी संपवून घरी आलेला असतो. तो हात जोडल्याचं चित्र पाठवतो. बाबा लिहितात, "अब सो जाओ. पडदा लगाके." पोफळीत रात्रपाळीहून आले की आई खिडकीला जाड चादर लावायची, ते त्यांना आठवत असणार.